जास्त ताकदीचं यंत्र

पाडवा उलटला की सोलापुरात सकाळ उरत नाही. सूर्य उगवतो तो थेट दुपारीच. नऊ वाजता पत्र्याला हात लावला तर चटका बसतो, रस्त्यावरचं डांबर मऊ होऊन चपलेचा तळ धरून ठेवतं, आणि रसवंतीच्या चरकाचे घुंगरू नुसते ऐकूनच घशाला कोरड पडते. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळी गल्ली पिंपं, घागरी, पातेली, हाताला लागेल ते भरून ठेवते. मीही भरतो. एकट्या माणसाला एवढं पाणी लागत नाही हे कळतं, पण सवयीने स्वयंपाकघरातली दोन्ही पिंपं काठोकाठ भरतो, झाकणं लावतो, आणि मग ओल्या हातांनी तिथेच थोडा वेळ उभा राहतो.

या दिवसांत मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये वाद रंगलाय. हातात धरून खेळायची जी गेमची यंत्रं असतात, ज्यांना ही मुलं हँडहेल्ड म्हणतात, त्यांत आता आणखी ताकदीचं हार्डवेअर यायला हवं, की आहे ते पुरे, असा तो वाद. ग्रुपमधली बहुतेक मुलं माझ्या मुलीच्या वयाची, काही तिच्याहूनही लहान. मी टॉवेलच्या कारखान्यात माल तपासणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. मला ती काका म्हणतात. परवा एकाने लिहिलं, काका कुठे गेले, या विषयावर तर त्यांचं प्रवचन असायचं. दुसऱ्याने हात जोडल्याचं चित्र टाकून निकाल मागितला. त्यांना काही माहीत नाही. मी त्या ग्रुपवर घरातलं कधीच लिहिलं नाही.

प्रवचन असायचं हे मात्र खरं. दोन उन्हाळ्यांमागे मी तिथे लांबलचक लिहीत असे. चिप जुनी झाली, रॅम अपुरी पडते, चित्र अडखळतं. टेबलावरच्या संगणकाला जी ताकद मिळते ती हातातल्या वस्तूला का मिळू नये. ते सगळं मी एका दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिलं. आत, काचेच्या दारापलीकडे, माझ्या बायकोचं रक्त यंत्रातून फिरत असायचं.

महादेवीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. तिचं माहेर अक्कलकोटच्या पुढे, हद्दीला लागून, त्यामुळे तिच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली की कुठे काय संपलं ते तिलाही सांगता आलं नसतं. रागवायची मराठीत, हिशेब करायची कानडीत. दुखलं की हमखास कानडीच. तिच्या डाव्या हातात शिरा जोडून सुयांसाठी जागा केली होती. तिथे बोट ठेवलं की कातडीखाली भुंगा कोंडल्यासारखी थरथर लागायची. "घ्या, ऐका, चालू हाय माझी मोटार," म्हणून तीच माझं बोट ओढून तिथे ठेवायची. चार तास तो हात जागचा हलवायचा नाही. उजवा तेवढा मोकळा.

त्या मोकळ्या हातासाठी आमच्या मुलीने, अश्विनीने, पुण्याला नोकरीवर जाताना आपलं जुनं हँडहेल्ड ठेवून दिलं होतं. तळहाताएवढं, साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, रंग उडालेलं. त्यात ताकद म्हणाल तर काहीच नव्हती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे खेळ तेवढे चालायचे. अश्विनीने त्याची सेटिंग बदलून सगळी कामं उजवीकडच्या चार बटणांवर आणून दिली होती, म्हणजे आई एका अंगठ्यावर खेळू शकेल. महादेवीने त्यातला एकच खेळ धरला. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. सुरुवातीला तिला ते पटायचं नाही. एवढं निगुतीनं रचायचं आणि भरलं की गायब, ही कुठली रीत, म्हणायची. पण महिन्याभरात तिचा अंगठा असा चालायला लागला की वाटावं बाई भाकरी थापतेय.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर येमूलकाका असायचे. आयुष्यभर मागावर बसलेले, ऐकायला कमी येणारे, तेलुगू घरातले. त्यांना स्वतःला खेळायचं नव्हतं, पण मान वाकडी करून तिच्या पडद्याकडे बघत बसायचे आणि मोठ्याने सल्ले द्यायचे. वीट चुकीची बसली की "गेला तागा" म्हणून कपाळाला हात लावायचे. ती म्हणायची, काका, तुमी तुमच्या रक्ताकडं बगा, माझ्या विटांकडं बगू नका. त्यांना ऐकूच यायचं नाही. मग सगळा हॉल हसायचा. डायलिसिसचा टेक्निशियन तय्यब, मुलगाच होता वयाने, तो सुया काढायला आला की आधी पडद्यावर डोकावायचा आणि आज भाभी कितीपर्यंत पोचली ते बाकीच्यांना ओरडून सांगायचा. त्या यंत्राला आवाज होता, पण तो कायम बंद. त्याची बॅटरी चार तासांत कधी संपली नाही. संपण्यासारखं आत काही नव्हतंच.

हे तेव्हा मला दिसत होतं का? दिसत होतं. महत्त्वाचं वाटत नव्हतं.

ज्याच्या किडन्या काम करत नाहीत त्याने पाणी मोजून प्यायचं असतं. प्यालेलं बाहेर पडायला वाट नसते. ते अंगात साठतं, घोट्यात उतरतं, आणि फार झालं की छातीत चढतं. डायलिसिसचं यंत्र ते चार तासांत हळूहळू ओढून काढतं. म्हणून तिला दिवसाला एक छोटा तांब्या एवढीच परवानगी. सोलापूरच्या उन्हाळ्यात. घरात भरलेली पिंपं, फ्रिजमध्ये बाटल्या, दारावर येणाऱ्याला आधी पाणी विचारायची रीत, आणि हीच पाणी देणार. बर्फाचा खडा तोंडात धरून ती ज्वारी निवडत बसायची. पाहुणा घटाघटा पाणी प्यायला लागला की मान दुसरीकडे फिरवायची. एकदा मी पंख्याखाली उभा राहून तांब्या तोंडाला लावला होता आणि ती बघत होती, हे मला तांब्या रिकामा झाल्यावर कळलं. ती एवढंच म्हणाली, तुमच्या घशाचा आवाज लई मोठा येतो.

मी तिच्याबरोबर प्रत्येक वेळी जायचो. कारखान्यातून पाळी बदलून घेतली होती. लोक कौतुक करायचे, आणि मी ते घ्यायचो. पण त्या बाकावर चार तास काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. आत बघवत नसे. नळ्यांतून जाणारं लाल, यंत्राची टीं-टीं, तय्यबची धावपळ. मी मोबाइल काढायचो. असंच एके दिवशी हँडहेल्डवरचे व्हिडिओ लागले. एक तरुण दोन यंत्रं शेजारी ठेवून एकाच खेळाची चित्रं दाखवत होता. एकात गवताचं पातं न् पातं वेगळं, दुसऱ्यात नुसता हिरवा रंग. मला त्यात इतकं बरं वाटलं की लाज वाटावी. आत जे चाललं होतं त्याला आकडे नव्हते. म्हणजे होते, पण वाईट. इथे प्रत्येक गोष्टीला आकडा होता आणि तो वर्षागणिक वाढत होता. काहीतरी या जगात सुधारत होतं.

ताकदीवरचा माझा विश्वास तसा जुनाच. माझे वडील हातमागावरून यंत्रमागावर गेले, माझ्या डोळ्यांसमोर यंत्रमाग जाऊन धोट्याशिवायचे वेगवान माग आले. प्रत्येक वेळी आम्ही नारळ फोडला. नवा माग सुरू झाला की सगळे हात मागे बांधून त्याचा वेग बघत उभे राहायचे, जणू तो आमच्याच अंगात आला. त्या वेगाला आता माणसं किती लागतील हा प्रश्न त्या दिवशी कुणी काढत नसे. तो अशुभ वाटायचा. मी त्याच संस्कारात वाढलो. जास्त ताकदीचं ते चांगलं, आणि जो 'कशाला' विचारतो तो मागासलेला.

त्या पाडव्याला मी तसलं एक नवं हँडहेल्ड घेतलं. मोठा पडदा, दोन्ही बाजूंना मुठी, वर जाळीतून गरम हवा सोडणारा पंखा. ग्रुपवर तेव्हा सगळे त्याच यंत्राबद्दल बोलत होते. मी खोकं गुढीखाली पाटावर ठेवलं. आमच्याकडे पाडव्याला आणलेली वस्तू कुणाच्या तरी नावाने पूजतात. गाडी असली तर मुलाच्या, शिलाई मशीन असलं तर घरच्या बाईच्या. ज्याच्या नावाने हळदकुंकू वाहिलं, ती वस्तू त्याची. मी महादेवीला पुढे बसवलं. म्हटलं, तुझ्यासाठी घेतलंय, तूच कुंकू लाव. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने पदर सावरला, कुंकवाचं बोट खोक्यावर टेकवलं, अक्षता टाकल्या, आणि नमस्कार केला. तिच्या भावाला, माझ्या बहिणीला, कारखान्यातल्या लोकांना, सगळ्यांना मी फोन करून सांगितलं की हिच्यासाठी असं असं आणलं. तिचा भाऊ म्हणाला, दाजी, तुमच्यासारखं कुणी करत न्हाई. ते वाक्य मी बरेच दिवस चघळलं.

आता जे सांगायचं आहे ते सरळ सांगतो. मला ते यंत्र माझ्यासाठी हवं होतं. लहानपणी आमच्या गल्लीत एका घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, त्या खिडकीचे गज धरून मी उभा राहायचो, तेव्हापासून हवं होतं. पण डायलिसिसवरच्या बायकोचा नवरा पन्नाशीत स्वतःसाठी खेळणं घेतो, हे मला स्वतःलाही ऐकवलं नसतं. म्हणून मी तिचं नाव पुढे केलं.

पहिल्या दिवशी ती ते घेऊन आत गेली तेव्हा सगळा हॉल बघायला लागला. येमूलकाकांनी हात लांब करून पडद्याला बोट लावलं. मी तिला एक मोठा खेळ लावून दिला होता, डोंगर, दऱ्या, घोडा, पावसाचे ढग. दोन्ही हातांनी धरायचं यंत्र ते; डाव्या मुठीने चालायचं, उजव्याने बघायचं. तिचा डावा हात तर सुयांना बांधलेला. तिने पोटावर उशी ठेवली, उशीवर यंत्र, आणि उजव्या हाताने एकदा इकडचं बटण, एकदा तिकडचं, असं करत घोड्याला दरीच्या कडेला नेलं. तिथून तो काही केल्या मागे येईना. यंत्र तापलं. पंखा घरघरायला लागला. तय्यब म्हणाला, भाभी, ये तो मिक्सर हय. ती हसली. काकांना त्या डोंगरात काय चाललंय ते कळेना. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि मान सरळ करून डोळे मिटले. पुन्हा त्यांनी तिच्या पडद्याकडे मान वाकडी केल्याचं मला आठवत नाही.

निम्म्या वेळातच बॅटरी संपली. एवढी चित्रं, एवढा प्रकाश, एवढा पंखा; कुठून पुरणार. तय्यबने ते बाहेर आणून माझ्या हातात दिलं. आतल्या प्लगांवर रुग्णांची यंत्रं, तिथे दुसरं काही लावायची परवानगी नव्हती. बाहेर थंड पाण्याच्या कूलरजवळ एक प्लग होता. मी चार्जर लावला. वायर आखूड, म्हणून कूलरला टेकून जमिनीवर बसलो. आणि चार्जिंग होतंय तोवर म्हणून सुरू केलं.

सुंदर होतं ते. हे खोटं सांगून चालणार नाही. घोडा दरीतून वर आला, गवत वाकलं, ढगाची सावली डोंगरावरून सरकत गेली. सोलापूरच्या त्या चुन्याच्या भिंतीच्या, फिनेलच्या वासाच्या बोळात मला थंडी वाजल्यासारखं झालं. कुणी काही म्हणो, ताकदीशिवाय ते होत नाही. जी मुलं ताकद हवी म्हणतात ती मूर्ख नाहीत.

मग ते नेहमीचंच झालं. आधी ती, मग मी. काचेच्या दारातून तिच्या खुर्चीवरून मी दिसत असे, कूलरखाली मांडी घालून बसलेला, दोन्ही अंगठे चालू. उरलेले दोन तास ती काय करायची? छताकडे बघायची. छताला एक पंखा होता आणि त्याच्या मागे ओल धरून सुकलेला डाग. मान वर करून मी कधी पाहिलं तर तिची नजर डागावर नाहीतर माझ्यावर असे. मी यंत्र किंचित उचलून, चार्ज होतंय, असं खुणेने सांगायचो. ती मान हलवायची.

जुनं यंत्र कपाटात होतं. अश्विनीने फोनवर विचारलंही, आईला ते का देत नाही बाबा. मी म्हटलं, तिला आता नवीन आवडतं. संध्याकाळी महादेवी मुलीशी बोलत होती ते मी दाराआडून ऐकलं. अश्विनीने तेच तिलाही विचारलं असावं. ती समजावत होती, की अगं, बाबांनी एवढ्या हौसेनं आणलंय, माझ्या नावानं पुजलंय. ते घरात ठेवून जुनं नेलं तर तिथली माणसं त्यांना काय म्हणतील. आणि हलक्या आवाजात, हाताला जड हाय जरा, पण बघते की.

मी त्या वेळी आत जायला हवं होतं. मी मोरीवर जाऊन हातपाय धुतले.

आणि मग वैशाखात एक दिवस तय्यबने यंत्र बाहेर आणून दिलं, भाभी बोली बॅटरी खतम, म्हणाला, आणि मी बघितलं तर बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. पडद्याच्या कोपऱ्यात स्वच्छ दिसत होतं. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. पुढच्या वेळी तेच. त्यानंतर तर ती अर्धा तासही ठेवेना. सुया टोचून होतात न होतात तोच यंत्र बाहेर यायचं. तिला पेलवत नव्हतं, खेळ जमत नव्हता, पण ते तिच्या नावाचं होतं म्हणून ती ते आत न्यायची, चारचौघांना दाखवायची, आणि ज्याला हवं होतं त्याच्याकडे पाठवून द्यायची. मला कळलं. त्याच दिवशी, कोपऱ्यातला तो आकडा बघतानाच कळलं. आणि मी काही विचारलं नाही. मी चार्जर लावला नाही, कारण गरज नव्हती, आणि खेळायला बसलो.

भर उन्हाळ्यात ती यंत्रंही दम टाकतात. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना आतली चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप हळू होते; ज्या ताकदीसाठी आपण यंत्र घेतलेलं असतं तीच ते वापरेनासं होतं. यावर मी ग्रुपवर मोठा लेख लिहिला. गारवा राखण्याची नवी पद्धत यायला हवी, पंखा मोठा हवा, बॅटरी मोठी हवी. मुलांनी खूप वाखाणलं. तो लेख लिहिला त्या आठवड्यात महादेवीच्या पायातल्या जोडव्यांचा वळ उमटायला लागला होता. पाय सुजत होते. यंत्र कुठे तापतं हे मला बोटाबोटाने माहीत होतं, तिचे घोटे मला दिसले नाहीत.

पाय सुजायचं कारण, ती चार तास बसेनाशी झाली होती. रिकामे तास लांब असतात. जुन्या खेळात तिला वेळ कळतच नसे. आता प्रत्येक मिनिट तिच्या अंगावरून चालत जायचं. तासभर उरला की ती उजवा हात वर करायची. "साकु," म्हणायची. पुरे. तय्यब समजावायचा, की पाणी पूर्ण निघालेलं नाही, उन्हाळा आहे, थोडा दम धरा. ती म्हणायची, पाय वळतायत, डोकं दुखतंय, काढा. मग तो बाहेर माझ्याकडे यायचा. तुम्ही बोला ना साहेब, तुमचं ऐकेल. मी आत जायचो, बस की थोडं, असं म्हणायचो. माझ्या हातात यंत्र असायचं, खेळ तसाच थांबवून ठेवलेला. ती आधी यंत्राकडे बघायची, मग माझ्याकडे. जाऊ दे, तिला त्रास होतोय, असं मीच तय्यबला सांगायचो. घरी गेलं की ती झोपायची आणि मला निवांत खेळायला मिळायचं, हेही त्यात होतं. किती होतं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

याच दिवसांत दवाखान्यात डायलिसिसची नवी यंत्रं आली. मोठे पडदे, कमी आवाज. तिथेही नारळ फुटला. सगळ्या रुग्णांनी तय्यबला एकच विचारलं, आता वेळ कमी लागणार का. तय्यब कान खाजवत म्हणाला, मशीन नवी आहे, पण रक्त जुनंच आहे ना, चार तास ते चारच. सगळे हसले. महादेवी हसली नाही.

ग्रुपवरच्या मुलांना उत्तर द्यायचंच झालं तर काय देणार? ताकद वाढावी का? वाढावी. वाढेलच, कुणाला विचारून वाढत नाही. फक्त ते यंत्र कुणाच्या हातात जाणार आहे, त्या हाताला दुसरा हात मोकळा आहे का, त्याला किती वेळ काढायचा आहे, हे विचारणारा माणूस खरेदीच्या वेळी समोर असावा. आमच्या घरी तो माणूस मीच होतो. आणि मी तर गिऱ्हाईक झालो होतो.

ज्येष्ठाच्या तोंडाशी, एका सकाळी, चहाच्या वेळी तिला श्वास पुरेना. भिंतीला पाठ लावून बसली, उशा मागे लावल्या तरी भागेना. ओठ निळसर झाले. रिक्षात ती माझ्या खांद्याला धरून सबंध वाट तोंडाने हवा घेत होती, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. आणि खरं तर उलटं होतं, पाणीच आत शिरलं होतं. दवाखान्यात तातडीने डायलिसिस केलं, अतिदक्षता विभागात ठेवलं. छातीत पाणी आणि हृदयावर ताण, डॉक्टर म्हणाले. शेवटच्या कितीतरी वेळा पूर्ण चार तास झाले नव्हते, हेही म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघून बोलले एवढंच.

मध्ये एक दिवस तिला बरं वाटलं. अश्विनी पुण्याहून आली होती, ती औषधं आणायला खाली गेली, आणि आम्ही दोघंच होतो. नाकावरची नळी काढून बसलेल्या आवाजात ती अश्विनीच्या लग्नाचं काहीतरी बोलली, मग तिच्या भावाने शेळ्या विकल्या का ते विचारलं. खिडकीला हिरवा कपडा लावलेला होता, त्यातून गढूळ उजेड येत होता. तिने डावा हात, भुंग्याचा हात, माझ्या मनगटावर ठेवला.

"एक विचारू का," ती म्हणाली. "तुमाला खेळायचं हुतं, तर तुमच्या नावानं घ्यायचं की. माझं नाव कशाला लावलं?"

रागाचा लवलेश नव्हता. भाजीत मीठ का कमी आहे असं विचारावं तसं विचारलं तिने. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"काहीतरीच काय," मी म्हणालो. "तुझ्यासाठीच आणलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतला, फार हळू, मला लागू नये असा.

"होगली," ती म्हणाली. जाऊ दे.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही असं नाही. पाय चोळायला सांगितलं, कूस बदलून द्यायला सांगितलं. अश्विनीशी बरंच बोलली. पाणी मागितलं, कानडीत, "नीरु" म्हणून, लहान मुलीसारखं, आणि सिस्टरने कापसाचा बोळा ओला करून ओठांवर फिरवला. पण मला काही विचारलं नाही. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी तिचा श्वास पुन्हा वाढला, आम्हाला बाहेर काढलं, आणि थोड्या वेळाने आत बोलावलं ते सांगण्यासाठीच.

मी ते यंत्र विकलं नाही, फेकलं नाही, आणि उघडलंही नाही. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लोक अजून म्हणतात, तुम्ही फार केलंत हो तिच्यासाठी, शेवटपर्यंत बरोबर होता. मी मान हलवतो. तय्यब एकदा बाजारात भेटला. येमूलकाका अजून येतात म्हणाला, पूर्ण वेळ बसतात.

तिच्या प्रश्नाला उत्तर एका वाक्याचं होतं. व्हय, मला खेळायचं हुतं. ते मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. खरं तर कितीतरी आधी, पाडव्यालाच, पाटासमोर. ती हसली असती, याची मला खात्री आहे. सत्तावीस वर्षं मी तिला ओळखत होतो. पदराने तोंड दाबून हसली असती, भावाला फोन करून सांगितलं असतं की दाजींना म्हातारपणी खेळणं हवंय. आणि मग कपाटातलं आपलं छोटं यंत्र पिशवीत टाकून म्हणाली असती, चला मग, तुमी भाईर खेळा, मी आत बसते.

आणि बसली असती. चारही तास.